चारशे बारा खुलासे

नोटीस मंगळवारी दुपारी रजिस्टर पोस्टानं आली. नेमगोंडा मगदूम यांनी सही करून ती घेतली, चष्मा लावला आणि उंबऱ्यातच उभं राहून वाचली. वय एकाहत्तर. लाइटबिल, मतदानाची चिठ्ठी आणि पेन्शनचं पत्र यांखेरीज सरकारकडून त्यांना आयुष्यात काही आलं नव्हतं. या कागदावर त्यांचं नाव, वडिलांचं नाव, वॉर्ड क्रमांक आणि त्याखाली अवतरणचिन्हांत एक वाक्य छापलं होतं.

"सोडताय ते पाणी पेलाभर पिऊन दाखवा."

वाक्याखाली तारीख होती. वेळ होती, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं सतरा सेकंद. ठिकाण, नगरपरिषद चौक, रेंदवडे. जमावबंदीचा आदेश लागू असताना आपण वरील उद्गार काढल्याचे निष्पन्न झाले आहे, तरी नेमून दिलेल्या तारखेस प्रांत कार्यालयात हजर राहून खुलासा करावा व चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून द्यावे, असा मजकूर होता.

अण्णांना, म्हणजे नेमगोंडांना, तो दिवस नीट आठवत होता. चौकात दीड हजार माणूस होतं. रेंदवड्याच्या प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यांतून, नदीत सोडलं जाणारं पाणी थांबवा, एवढीच मागणी. पुढारी पुढे, माइकवर. अण्णा पार मागच्या रांगेत, वडाच्या पारापाशी. सगळे एकदमच ओरडत होते. त्यांचं ते वाक्य शेजारी खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसालासुद्धा ऐकू गेलं नव्हतं. आणि ते कागदावर जसंच्या तसं उतरलं होतं.

त्यांनी नोटिशीचा फोटो काढून पुण्याला मुलीला पाठवला.

रेवती मगदूम त्या वेळी ऑफिसात होती. तिनं वाक्य वाचलं आणि तिला हसूच आलं, कारण ते अगदी अण्णांसारखं होतं. मग तिची नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं: विलगीकरण विश्वासांक ९७.४.

हा शब्द तिचा होता. गर्दीतून वेगळा काढलेला आवाज कितपत खात्रीचा, याचं हे मोजमाप तिनंच ठरवलेलं होतं.

*

अण्णांनी चौतीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यांत काढली, त्यातली वीस वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. चाळीस माग एका शेडमध्ये, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे आपटणार. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. पन्नाशीला अण्णांचे कान अर्धे गेले, साठीला जवळजवळ पूर्ण. रेवती ध्वनिशास्त्र शिकली ती त्यामुळेच. त्यांना दोन वेळा श्रवणयंत्र आणून दिलं, दोन्ही वेळा त्यांनी ते डब्यात ठेवून दिलं.

ते यंत्र त्यांना का नको होतं याला कारण आहे. लग्नाच्या मांडवात शेकडो माणसं बोलत असतात, तरी आपण समोरच्याचं ऐकतो. हे काम कान करत नाही, मेंदू करतो. उजव्या आणि डाव्या कानावर आवाज पोचण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, त्यावरून मेंदू दिशा ओळखतो, आणि आवाजाच्या पोतावरून माणूस. बाकीचं तो बाजूला सारतो. कान खराब झाला की हीच ताकद आधी जाते. साधं श्रवणयंत्र सगळंच मोठं करतं, त्यामुळे माणसाचं बोलणं वाढतं तसा गोंगाटही वाढतो.

रेवतीनं गळ्याभोवती घालायची एक पट्टी बनवली. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढे आठ मायक्रोफोन होते. एकच आवाज आठ ठिकाणी किंचित मागेपुढे पोचतो, त्या फरकातून दिशा मिळते. शिवाय प्रत्येक माणसाचा गळा, जबड्याची पोकळी, जीभ टेकवायची सवय वेगळी असते. हजारो तासांच्या बोलण्यावर तयार केलेलं गणित हे सगळं एकत्र धरून मिसळलेल्या आवाजातून एकेक आवाज सुट्टा करायचं आणि हवा तोच कानाशी सोडायचं. अण्णांना हे समजावल्यावर ते म्हणाले होते की म्हणजे विणलेल्या कापडातनं एकच धागा ओढायचा, आणि कापड फाटू द्यायचं नाही. तिनं यंत्राचं नाव ठेवलं वेचक.

वेचकची चाचणी घेणारा पहिला माणूस अर्थातच अण्णा होते. तीन वर्षांपासून ती पट्टी त्यांच्या गळ्यात होती. ते बाजारात भाव करू लागले, बसस्टँडवर अनोळखी माणसांशी गप्पा मारू लागले, सभांना जाऊ लागले. मोर्च्यात गेले तेही त्यामुळेच. भाषण ऐकू येत नसेल तर मोर्च्यात जाऊन करायचं काय, असं ते पूर्वी म्हणत.

वेचकच्या गोष्टीचा दुसरा भाग रेवतीला मनातल्या मनात पुन्हा पुन्हा उगाळावा लागला. एका जत्रेत चेंगराचेंगरी झाली होती, आणि सरकारनं रेवतीच्या कंपनीला विचारलं की गर्दीत अडकलेल्या माणसाची हाक शोधता येईल का. रेवतीनं आठाऐवजी चौसष्ट मायक्रोफोनचा खांब तयार केला. पुढच्याच वर्षी मंडप कोसळला तेव्हा त्या खांबानं कापडाखाली अडकलेल्या एका बाईचा आवाज पकडला आणि तिला बाहेर काढलं. रेवती तिला दवाखान्यात भेटून आली होती. त्या दिवशी तिला आपल्या कामाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. त्यानंतर असे खांब गावोगावच्या चौकांत उभे राहिले, रेंदवड्यातही.

हाक मारणारा माणूस पुन्हा बोलला की त्याचा आवाज ओळखता यावा म्हणून यंत्र प्रत्येक आवाजाचा ठसा तीस सेकंद जवळ ठेवायचं आणि मग पुसून टाकायचं. तीस हा आकडा तिनं प्रोग्रॅममध्ये बदलता येईल असा ठेवला होता, कारण चाचण्यांच्या वेळी तो बदलावा लागे. नंतर कुणीतरी तो बदलला होता, आता काहीच पुसलं जात नव्हतं. आणि ठशाला नाव चिकटवणं मुळीच अवघड नव्हतं. पेन्शनवाले हयातीचा दाखला आता फोनवर बोलून देत, रेशन आणि बँकेचं कामही आवाजानंच होई. साऱ्या गावाचे आवाज नावानिशी सरकारदरबारी जमा होते.

तिनं त्याच आठवड्यात रजा टाकली आणि रेंदवड्याला आली.

*

नोटिसा चारशे बारा जणांना आल्या होत्या. प्रत्येकीत वेगळं वाक्य. कुणी साधी घोषणा दिली होती, कुणी नगराध्यक्षांना नावानं शिवी हासडली होती, एकानं फक्त "थोडं सरका की" असं म्हटलं होतं आणि तेही छापून आलं होतं. लोक सुरुवातीला एकमेकांना वाक्यं दाखवून हसले. मग हसणं थांबलं. चहाच्या गाड्यावर माणसं बोलता बोलता खांबाकडे बघायला लागली. तोंडापुढे हात धरून बोलायची सवय अख्ख्या गावाला लागली. पुढच्या सोमवारच्या सभेला सव्वीसच माणसं आली, आणि ती गप्प बसून राहिली.

हमीपत्रावर सह्याही होऊ लागल्या. अण्णांच्या गल्लीतली गंगव्वा हुल्ले पहिल्या दहांत होती. ती कारखान्यात कांड्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, भरायची, मोर्च्यात बायकांच्या पुढे असायची. तिची मुलगी नर्सिंगचा कोर्स पुरा करून सरकारी दवाखान्यात लागणार होती आणि पोलिसांची चौकशी बाकी होती. सही करून आल्यापासून ती अण्णांच्या दारावरून मान खाली घालून जात होती.

शनिवारी रेवती अण्णांना घेऊन वकील शबाना जमादार यांच्याकडे गेली. शबानाताई पन्नाशीच्या, बोलायला तोडून. जुन्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑफिस होतं. रेवतीनं येतानाच सगळं लिहून आणलं होतं. तीनशेपेक्षा जास्त माणसं एकदम बोलत असतील तर यंत्र शंभरात सहा वेळा चुकतं. त्या दिवशी वारा होता, म्हणजे चूक वाढणार. शिवाय जिथे आवाज तुटतो तिथे ते अंदाजानं शब्द भरतं. ती स्वतः यंत्र बनवणारी. तिनं कागदावर लिहून दिलं की अण्णांची नोटीस टिकणार नाही, आणि बाकीच्याही बऱ्याचशा पडतील.

शबानाताईंनी ते वाचलं आणि होय, पडतील, असं कबूल केलं. मग त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षी यंत्र शंभरात किती वेळा चुकेल. रेवती म्हणाली, दोन. त्याच्या पुढच्या वर्षी? त्याहून कमी, ती म्हणाली. शबानाताई म्हणाल्या की यंत्र चुकतं म्हणून आपण जिंकलो, तर यंत्र सुधारलं त्या दिवशी आपण हरलो. पण अशिलाची नोटीस रद्द होण्याचा हा जवळचा रस्ता आहे, आणि तो नाकारायचा अधिकार वकिलाला नाही.

अण्णा इतका वेळ दोघींच्या तोंडाकडे बघत होते.

"पण मी बोललोय ते," ते म्हणाले. "मशिन चुकलं असं कशाला लिहून देऊ? आवाज माझाच हाय."

रेवतीनं त्यांना समजावलं की खोटं काही सांगायचं नाही, फक्त पुरावा पक्का नाही एवढंच म्हणायचं. त्यांनी मान हलवली.

"आठ-धा वर्षं मला कुणाचं ऐकू येत न्हवतं. माझंबी कुणी ऐकत न्हवतं. एकदा बोललो, आणि आता म्हणू, तो मी न्हवंच?"

शबानाताईंनी रेवतीचा कागद घडी घालून तिला परत दिला.

*

प्रांताधिकारी गिरीश वाघचौरे पस्तिशीचे होते. त्यांच्याकडे दिवसाला वीस जणांची सुनावणी होती आणि एक टंकलेखक. बुधवारी साडेअकराला अण्णांना आत बोलावलं. शबानाताई सोबत होत्या, रेवती दारापाशी बाकावर.

वाघचौऱ्यांनी नोटीस पुढे सरकवून ठरलेला प्रश्न विचारला, की हे उद्गार आपलेच का. आधीचे सगळे नाही म्हणाले होते, किंवा आठवत नाही म्हणाले होते.

"व्हय. शब्दन् शब्द माझा," अण्णा म्हणाले.

वाघचौऱ्यांनी वर पाहिलं. मग आपला खुलासा काय, असं त्यांनी विचारलं.

"खुलासा तुमच्याकडनं यायचा राह्यलाय साहेब. मी म्हटलंय, ते पाणी पेलाभर पिऊन दाखवा. कुणी प्यालं का?"

टंकलेखकाची बोटं थांबली. शबानाताईंनी शांतपणे आठवण करून दिली की जबाब देणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यायचा असतो आणि त्याची नक्कल त्याला द्यायची असते. वाघचौऱ्यांनी टंकलेखकाला तसंच लिहा म्हणून सांगितलं. अण्णांनी पुढे सांगितलं ते सगळं लिहिलं गेलं: त्यांच्या विहिरीचं पाणी सोमवारी निळं असतं आणि गुरुवारी तांबडं, शेजारच्या दोन म्हशींची रेडकं मेलेली जन्मली, नगरपरिषदेला आतापर्यंत नऊ निवेदनं दिली आणि एकाचीही पोच मिळाली नाही. दीड पान झालं. अण्णांनी वाचून सही केली, नक्कल घडी करून खिशात घातली आणि हमीपत्राचा कोरा फॉर्म टेबलावर तसाच ठेवून बाहेर आले.

त्या नकलेचा फोटो दुपारपर्यंत साऱ्या गावात फिरला.

दुसऱ्या दिवशी बोलावलेल्या वीस जणांपैकी सतरा जणांनी सांगितलं की वाक्य आमचंच आहे, आणि त्याचं उत्तर द्या. तिसऱ्या दिवशी वीसही. एकानं घरातून पाण्याची बाटली आणली, ती मुद्देमाल म्हणून नोंदवून घ्यावी लागली. "थोडं सरका की" म्हणणाऱ्या माणसानंसुद्धा पाऊण पान जबाब दिला. सुनावण्या महिन्यात संपणार होत्या, त्या दोन महिने चालल्या. नऊ निवेदनं ज्या फायलीत शिरू शकली नव्हती तिच्यात आता सरकारच्याच टंकलेखकानं लिहिलेली चारशे पानं जमली, आणि कायद्याप्रमाणे ती सगळी जिल्ह्याला पाठवणं भाग होतं. वाघचौऱ्यांनी ती पाठवली. सोबतच्या टिपणात त्यांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं, की पाण्याचा नमुना तपासून घ्यावा असे वाटते. त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती.

चौथ्या आठवड्यात गंगव्वा प्रांत कार्यालयात गेली. तिची सुनावणी कधीच होऊन गेली होती. ती म्हणाली, मी भिऊन सही केली, ती परत द्या आणि माझंही लिहून घ्या. सही परत देता येत नव्हती. जबाब मात्र लिहून घेतला गेला. तिच्या मुलीनंच तिला पाठवलं होतं, असं नंतर कळलं. ज्या दवाखान्यात आपण लागणार तिथे याच पाण्यानं आजारी पडलेली माणसं येणार, असं ती म्हणाली होती.

*

शबानाताईंनी उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. नोटिसा रद्द करा एवढंच त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं होतं की माणूस गर्दीत बोलतो तेव्हा गर्दीत असणं हाही त्याच्या बोलण्याचाच भाग असतो. एकट्यानं बोलायला जो घाबरतो त्याला गर्दीचा आधार असतो. तो आधार काढून घेतला तर तोंडावर बंदी न घालताही तोंड बंद होतं. हे कोर्टाला पटवायचं तर यंत्र कसं चालतं हे सांगणारं कुणीतरी हवं होतं, आणि कंपनीबाहेरच्या कुणाला ते माहीत नव्हतं.

रेवती प्रतिज्ञापत्र देणार हे कंपनीला कळलं. संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. ते आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी तिला एवढंच सांगितलं की प्रतिज्ञापत्र दिलं तर ती कंपनीत राहू शकणार नाही, आणि कंपनीत नसलेल्या माणसाच्या घरी चाचणीचं यंत्र ठेवता येणार नाही. वेचक कंपनीच्या सर्व्हरकडून रोज परवानगी घेऊन चालू होत असे. परवानगी बंद झाली की ती नुसती पट्टी.

नोकरीचं तिला फारसं वाटलं नाही. पण पट्टी गेली म्हणजे अण्णांचे कान गेले. ती रविवारी घरी आली आणि तिसऱ्या दिवशी तिनं भाकरी खाता खाता सगळं सांगून टाकलं. अण्णांनी हातातला घास पूर्ण केला.

"मला ऐकू यावं म्हणून तू गप बसणार," ते म्हणाले. "मग मी ऐकायचं काय?"

तिनं प्रतिज्ञापत्र दिलं. पट्टी पुढच्या शुक्रवारी सकाळी बंद पडली. अण्णा दूधवाल्याशी बोलत होते आणि मध्येच त्याचे नुसतेच ओठ हलायला लागले. त्यांनी पट्टी काढली, पुसली आणि कपाटात ठेवली. त्यानंतरचे अकरा महिने सोपे गेले नाहीत. ते पुन्हा ओठ वाचायला लागले, पण नजर अधू झाली होती, आणि तोंडापुढे हात धरायची गावाची सवय अजून मोडली नव्हती. बाजारात जाणं त्यांनी सोडलं. संध्याकाळी पारावर बसत, पण माणसं हसली की हसायचं, एवढंच. रेवतीशी ते पाटीवर लिहून बोलत. कधी कधी ती रागानं पाटी बाजूला ठेवून रडे, आणि ते तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहत.

कोर्टात रेवतीला दोन दिवस प्रश्न विचारले गेले. सरकारी वकिलांनी मंडपाखालून वाचलेल्या बाईची गोष्ट काढली आणि विचारलं, हे खांब काढून टाकावेत असं आपलं मत आहे का. ती म्हणाली, नाही. मग न्यायमूर्तींनी विचारलं, बाई, तुमची नेमकी तक्रार काय आहे.

"ऐकणं आणि ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत," ती म्हणाली. "हाक शोधायला तीस सेकंद पुरतात. ठेवायला सांगणारे दुसरे होते. पण ठेवता येईल अशी सोय मी करून ठेवली होती. ती चूक माझी आहे."

निकाल पावसाळा संपता संपता लागला. चारशे बारा नोटिसा आणि त्यातली सगळी हमीपत्रं रद्द झाली. गर्दीतला आवाज नावाशी जोडायला बंदी आली, घडलेल्या गंभीर गुन्ह्याचा तपास असेल तर आधी न्यायाधीशाची परवानगी. खांब राहिले, पण तीस सेकंदांच्या वर काही ठेवायचं नाही. साठवलेले ठसे साक्षीदारांसमोर पुसायचे. पुसायच्या वेळी साक्षीदार म्हणून गंगव्वाला बोलावलं होतं. तिनं परत येऊन सांगितलं की तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक माणूस बटणं दाबत होता, तरीपण ती पाच तास खुर्चीवरून उठली नाही.

*

रेवतीनं एका अभियांत्रिकी कॉलेजात नोकरी धरली आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन नवं यंत्र बनवलं. जुनी रचना कंपनीच्या मालकीची होती, म्हणून तिनं मायक्रोफोन चष्म्याच्या काड्यांत बसवले आणि गणितही नव्यानं मांडलं. चष्मा जड होता, कानामागे तापायचा आणि बॅटरी चार तासांत उतरायची. त्यात साठवायला जागाच नव्हती. दोन सेकंदांपेक्षा जुना आवाज ठेवायचा म्हटलं तरी त्या चिपमध्ये तो मावला नसता. तिनं त्याचा सगळा आराखडा कुणालाही घेता येईल असा खुला करून टाकला. अण्णांनी तो चष्मा लावला आणि पहिला शेरा मारला की हा नाकावर रुततो.

चारशे बारा जबाबांची फाईल जिल्ह्यात फिरत फिरत प्रदूषणाच्या समितीपुढे गेली होती. वाघचौऱ्यांनी सुचवलेला नमुना तपासला गेला, आणि अहवाल लोक म्हणत होते त्याहून वाईट आला. सदतीस प्रोसेस हाऊसचं काय करायचं हे ठरवायला समितीनं रेंदवड्यात जनसुनावणी ठेवली. शाळेच्या मैदानावर मांडव होता, सकाळी दहाची वेळ. दोन हजारांवर माणसं आली. मांडवाच्या चारी कोपऱ्यांना खांब होते, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

अण्णांनी ठराव मांडला की पाणी स्वच्छ होईपर्यंत सदतीसही कारखाने बंद करावेत, एकही दिवस सूट नको. टाळ्या पडल्या. मग रेवती उठली. ती म्हणाली की मला हे पटत नाही. कारखाने बंद झाले तर सहा हजार माणसं घरी बसतील. सामाईक शुद्धीकरण केंद्र चौदा महिन्यांत उभं राहू शकतं, तोवर उत्पादन निम्म्यावर आणावं. मांडवात गलका उठला. ज्यांच्यासाठी ती नोकरी सोडून कोर्टात उभी राहिली त्यातलेच काही जण तिला खाली बस म्हणून ओरडत होते. ती बसली नाही, आपलं म्हणणं पूर्ण करून मगच बसली. अण्णा पुन्हा उठले आणि त्यांनी तिचे चौदा महिने कसे खोटे आहेत हे दहा मिनिटं सांगितलं.

मग गंगव्वा बोलली. तिनं दोघांचंही खोडून काढलं. ज्या कारखान्याच्या नाल्यावर मीटर नाही तो आजच बंद करा, असं तिचं म्हणणं. ज्याच्यावर आहे त्याचे आकडे रोज चौकात फळ्यावर लिहा, आकडा वर गेला की त्याच दिवशी कुलूप. आणि बंद पडलेल्यांच्या कामगारांना शुद्धीकरण केंद्राच्या बांधकामावर घ्या. बायकांचा सगळा भाग तिच्या बाजूनं उभा राहिला, आणि मग हळूहळू बाकीचे.

हात वर करून मोजणी झाली. अण्णांचा ठराव पडला. रेवतीचाही पडला, जरा जास्तच मतांनी. समितीनं गंगव्वाचा ठराव नोंदवून घेतला आणि पंधरा दिवसांत आदेश काढू असं जाहीर केलं.

दीड वाजता बापलेक पायीच घरी निघाले. मैदानाच्या फाटकातूनच त्यांचं सुरू झालं. तो चौदा महिन्यांचा आकडा तू कंत्राटदाराकडून घेतलास, असं अण्णा म्हणाले. रेवती म्हणाली, मी तीन शहरांतली केंद्रं बघून आलेय, तुम्ही एकतरी बघितलंत का. आवाज चढत गेले. लोक दारातून बघत होते, गंगव्वाची मुलगी सायकलवरून जाताना थांबली आणि हसून पुढे गेली. देवळापाशी रेवतीनं हात हलवून काहीतरी मुद्दा काढला तेव्हा अण्णा एकदम थांबले, चष्म्याच्या काडीला बोट लावलं आणि पारावर बसून घेतलं.

"बॅटरी वीस मिनिटंच राह्यली," ते म्हणाले. "आधी तुझं सांग. माझं मी घरी जाऊनबी बोलीन."